नवीन वर्षाकडे आशेने पाहावे की निराशेने?

खरिपाची तयारी करणाऱ्या शेतकऱ्याचे वर्ष पाहिले, तर या प्रश्नातील 'की' मला अनाठायी वाटतो. गुढीपाडव्याला पंचांगातून पाऊसपाणी ऐकले जाते आणि एप्रिलमध्ये हवामान विभागाचा अंदाज येतो. 2023 साली या विभागाने देशात सरासरीच्या 96 टक्के पाऊस सांगितला होता व प्रत्यक्षात 94 टक्के पडला, म्हणजे अंदाज फारसा चुकला नाही. तरीही त्या वर्षीचा ऑगस्ट 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ठरला आणि ऐन भरात असलेल्या पिकांना पाण्याचा ताण बसला. वर्षाची सरासरी चांगली असली तरी एखादा महिना दगा देऊ शकतो, हे आशावादी माणूस (आणि वृत्तवाहिन्या तर हमखास) विसरतो.

निराशावादी माणूस मात्र पेरणीच करत नाही. कृषी विभाग 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नका असे सांगतो, त्यात दुबार पेरणीची भीती आहे, पण पेरणी होणारच हेही गृहीत आहे. आंतरपीक, पीकविमा आणि थोडे राखून ठेवलेले बियाणे यांमागेही हाच विचार असतो. म्हणून वर्षाचा बेत आशेने आखावा आणि त्यातील तारखा व पैसा मात्र निराशावाद्याकडून तपासून घ्यावा, असे माझे मत आहे.