डबा वाजेनासा झाला की

प्रश्न: ताई, मी आणि माझा नवरा दोघेही नोकरी करतो. दोघांचे मिळून महिन्याला ७८ हजार हातात येतात, त्यातले २२ हजार भाड्यात जातात. मुलगा दुसरीत आहे. खर्च लिहायला वही केली, ती बारा तारखेपर्यंत टिकली. मोबाइलवर अ‍ॅप घेतलं, ते तीन आठवड्यांत काढून टाकलं. मग गरजा, हौस आणि बचत असं ५०-३०-२० करून पाहिलं, तर गरजांनीच पन्नास टक्के ओलांडले. नवरा म्हणतो, ‘किरकोळ खर्च काय सांगत बसायचा?’ माझ्यातच चिकाटी नाही का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर: चिकाटीचं सोडा हो. मी बँकेत कॅशियर होते. संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय घरी जाता येत नसे. तीच मी, घरच्या वहीपुढे चारदा हात टेकले. शनिवारी हिशोबाला बसायचे, ३७ रुपये कुठे गेले ते आठवायचं नाही, त्यात भात करपायचा आणि वही पुन्हा कपाटात. घरचा हिशोब जुळवायचा नसतो, हे मला फार उशिरा कळलं. ५०-३०-२०चंही मनाला लावून घेऊ नका. मुंबईत भाडं भरणाऱ्या घराला ते माप बहुधा तोकडंच पडतं.

माझ्या आईला तर लिहिता-वाचताही येत नव्हतं. वडील गिरणीत होते. पगार झाला की ती फळीवरचे पाच पत्र्याचे डबे खाली काढायची: भाडं, रेशन, दूध, शाळा, गणपती. दुधाचा डबा वाजेनासा झाला की चहा कोरा. १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला, तेव्हा सगळ्यात शेवटी गणपतीचा डबा उघडला. त्यातून दोन महिन्यांचं भाडं निघालं. गावी मात्र गेलो नाही.

तुम्हाला दोनच डबे पुरतील.

पहिला गणपतीचा. शाळेची फी, गणपतीला गावी जाणं, दिवाळी, विम्याचा हप्ता, असे वर्षातून एकदा येणारे खर्च एका कागदावर मांडा. समजा ६० हजार झाले, तर दर महिन्याला ५ हजार वेगळ्या बचत खात्यात टाका. ते खातं यूपीआयला जोडू नका. आरडी नको, गणपती आरडीची मुदत संपायची वाट बघत नाहीत. माझा अंदाज असा, की तुमचं बजेट वडापावाने कमी आणि जूनच्या फीने जास्त मोडत असणार.

दुसरा डबा किरकोळीचा. पाचशेची नोट मोडताना जीव वर-खाली व्हायचा. स्कॅन करताना काहीच होत नाही. त्यासाठी यूपीआय लाइट वापरा. त्यात ५ हजारांपर्यंत पैसे भरून ठेवता येतात आणि एका वेळी हजारापर्यंतचा खर्च पिनशिवाय होतो. पासबुकात फक्त भरलेली रक्कम दिसते, प्रत्येक रिक्षा आणि कटिंग नाही. म्हणजे लिहायचं कामच संपलं. दर सोमवारी दोघांनी आपापल्या मोबाइलवर दीड-दीड हजार भरायचे. भाजी, रिक्षा, बाहेरचा चहा-नाश्ता सगळं त्यातून. किराणा, दूध, वीजबिल यांचे पैसे पगार झाल्या झाल्या बाजूला काढा, त्यांची सरमिसळ नको. ऑटो टॉप-अप, म्हणजे पैसे संपत आले की आपोआप भरले जाणं, मात्र आठवणीने बंद करा, नाहीतर डब्याला बूडच राहणार नाही. स्कॅन केल्यावर पिन मागितला की समजायचं, डबा वाजेनासा झाला.

नवऱ्याला काही विचारू नका. त्याच्या दीड हजाराचं त्याने काय केलं, हे त्याचं तो बघेल.

पहिले दोन आठवडे पैसे गुरुवारीच संपतील. तेव्हा चिडून डबा बंद करू नका, आकडा अठराशे करा. दिवाळीनंतर एक पत्र टाका, मला उत्सुकता आहे.