ड्रायसूटमध्ये पाणी शिरतं कुठून?

प्रश्न : जुलैमध्ये आम्ही दोघं छोट्या जहाजाने नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर जातोय. कयाकिंगही (वल्ह्याच्या चिंचोळ्या होडीतली सफर) घेतलंय. ड्रायसूटच्या आत काय घालावं? ध्रुवीय अस्वल जवळून दिसेल का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न येऊ देणारा अंगभर पोशाख, बहुतेक जहाजंच देतात. तो फक्त पाणी अडवतो, ऊब आतल्या कपड्यांची. अंगालगत लोकरीचे पातळ इनर, वर फ्लीस, पायात लोकरीचे मोजे. सुती काही नको. घाम धरून ठेवतं आणि गारठवतं. पाणी शिरतं ते मनगटाच्या आणि गळ्याच्या रबरी पट्ट्यांतून. पट्टीखाली बाही, केस किंवा घड्याळाचा पट्टा अडकला की तिथून धार लागते. अंगठ्या, कानातले आधीच काढा, रबर फाटतं. झिप शेवटपर्यंत ओढा, मग उकिडवं बसून गळ्याची पट्टी बोटाने जरा सैल करा, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. ती राहिली तर पाण्यात पाय फुग्यासारखे वर येतात!

नवख्यांनी दोघांची कयाक घ्यावी. हिमनदीच्या कड्यापासून गाईड सांगेल तेवढं लांब राहा. बर्फ कोसळून लाट आलीच, तर टोक लाटेकडे वळवा. आडवी सापडलेली कयाक उलटते.

अस्वलाचं म्हणाल, तर 2025पासून जुलैत किमान 300 मीटर अंतर सक्तीचं आहे, 1 मार्च ते 30 जून 500 मीटर. त्यामुळे मोबाइलपेक्षा दुर्बिणीवर खर्च करा.

आणि व्हिसा! स्वालबार्ड शेंगेनबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर आहे. ऑस्लोमार्गे जाऊन-येऊन शेंगेनमध्ये दोनदा प्रवेश होतो, एकदाच प्रवेशाचा व्हिसा चालणार नाही.