बहुमत, मताधिक्य की सर्वाधिक मते?

प्रश्न : '२००० साली अल गोर यांना जनतेचे बहुमत मिळूनही बुश अमेरिकेचे अध्यक्ष झाले' हे वाक्य बरोबर आहे का? 'बहुमत'ऐवजी 'मताधिक्य' हवे ना?

वाक्य चुकलेच आहे. 'मताधिक्य' मात्र थोडे जपून वापरावे.

बहुमत म्हणजे निम्म्याहून अधिक. (संस्कृतात 'बहुमत' म्हणजे आदरणीय, त्या अर्थाची खूण आता 'बहुमाना'त उरली आहे.) गोर यांना ५,०९,९९,८९७ मते पडली, बुश यांना ५,०४,५६,००२. गोर पुढे, पण एकूण मतांच्या ४८.४ टक्क्यांवरच. त्यांना मिळाली ती 'सर्वाधिक मते'.

मताधिक्य (मत + आधिक्य) म्हणजे दोघांच्या मतांतला फरक, म्हणून त्याला आकडा जोडावा : ५,४३,८९५ मतांचे मताधिक्य. मोजणी चालू असेपर्यंत 'आघाडी', निकाल लागला की 'मताधिक्य'. आणि 'लोकप्रिय मते' हा अलीकडे दिसणारा शब्दप्रयोग कृपया नको; मते लोकप्रिय नसतात, लोकांची असतात.

गंमत अशी की त्या निवडणुकीत 'बहुमत' शोभते ते बुश यांनाच. अध्यक्ष प्रत्यक्ष निवडते ते राज्यांच्या प्रतिनिधींचे निर्वाचक मंडळ; त्यातल्या ५३८ पैकी २७० मते लागतात, त्यांना २७१ मिळाली. ज्या फ्लोरिडाने त्यांना तारले, तिथे मताधिक्य होते फक्त ५३७ आणि निम्मी मते तिथेही कोणाला नव्हती. तरी राज्याची सर्व २५ निर्वाचक मते बुश यांच्याकडे गेली, कारण राज्यात सर्वाधिक मते पुरतात. बहुमताची अट फक्त मंडळात.

हा फरक आपल्याकडे १९६९च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत लख्ख दिसतो. तिथे खासदार-आमदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात आणि प्रत्येकाच्या मताला ठरावीक मूल्य असते; पुढचे आकडे त्या मूल्याचे. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८ आणि आपले चिंतामणराव देशमुख १,१२,७६९. वैध मतमूल्य ८,३६,३३७; त्याचे निम्मे, अपूर्णांक सोडून अधिक एक, असा कोटा ४,१८,१६९. गिरींना मते सर्वाधिक, पण बहुमत नाही. मग तळाचे उमेदवार एकेक करून बाद झाले, देशमुखही बाद झाले, आणि त्यांच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटल्या गेल्या. या वाटपात रेड्डींना ९१,८७९ मिळाली, गिरींना जेमतेम १८,५६२. पण तेवढ्यावर गिरी ४,२०,०७७ ला पोचले आणि कोटा ओलांडला.

अमेरिकेत सुधारणा म्हणून मागणी होते ती बऱ्याच अंशी याच पद्धतीची. मेन राज्याने २०२० पासून ती अध्यक्षपदालाही लावली. तिच्यासाठी 'श्रेणीबद्ध निवड मतदान' वगैरे नवे शब्द घडवायचे कारण नाही. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मतदान केलेल्या कोणालाही विचारा : नावापुढे १, २, ३ आकड्यात लिहायचे, बरोबरची खूण केली की मत बाद. 'पसंतीक्रम', 'पहिल्या पसंतीची मते', 'कोटा', 'बाद फेरी' हे सगळे शब्द मोजणीच्या टेबलावर रोज बोलले जातात.