पायथॉनमध्ये स्ट्रिंगची कोणती फंक्शन्स आधी शिकावीत, आणि मराठी मजकुरावर ती विचित्र का वागतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळेच्या कार्यालयात काम करता, एक्सेलमधून काढलेली विद्यार्थ्यांची यादी पायथॉनने साफ करायची आहे. स्ट्रिंगची (म्हणजे कोडमधल्या मजकुराची) फंक्शन्स ढीगभर दिसतात, ती सगळी पाठ करायची का? रिप्लेस करूनही नाव जसंच्या तसं का राहतं? आणि 'मराठी' या शब्दाची लांबी तीनऐवजी पाच का येते?

पाठ अजिबात करू नका. पायथॉनच्या स्ट्रिंगला चाळीसहून जास्त फंक्शन्स आहेत आणि रोज अशाच याद्या निस्तरणाऱ्या मलाही त्यातली निम्मी लागत नाहीत. स्प्लिट, जॉइन, स्ट्रिप, रिप्लेस, स्टार्ट्सविथ, एंड्सविथ आणि 'इन' हा शब्द, एवढ्यावर तुमची यादी बरीचशी मार्गी लागेल. उरलेला त्रास फंक्शनांचा नाही, मराठी मजकूर संगणकात कसा साठवला जातो त्याचा आहे. (फंक्शनांची नावं आणि आकडे मी इथे देवनागरीत लिहितेय. कोडमध्ये दोन्ही अर्थातच इंग्रजीतून टाइप करा.)

आधी रिप्लेसचं. पायथॉनमधली स्ट्रिंग एकदा तयार झाली की बदलत नाही. नाव.रिप्लेस('सुनिता', 'सुनीता') असं लिहिलंत की पायथॉन दुरुस्त केलेली नवी स्ट्रिंग तुमच्या हातात देतो, जुनीला हातही लावत नाही. ती नवी तुम्ही कुठे ठेवली नाहीत तर गेली. म्हणून

नाव = नाव.रिप्लेस('सुनिता', 'सुनीता')

असं लिहायचं. स्ट्रिप, अपर, लोअर, सगळ्यांचं हेच. कुठलंही नवं फंक्शन दिसलं की ते काय करतं यापेक्षा परत काय देतं ते आधी बघा: स्ट्रिंग, यादी, आकडा की खरं-खोटं. बरं, वरच्या ओळीत डावीकडे 'नाव' हे देवनागरीतच ठेवलंत तरी पायथॉन ३ ला चालतं. व्हेरिएबलची, म्हणजे मजकूर ज्यात ठेवतो त्या डब्यांची, नावं मराठीत देता येतात. मी देत नाही, कीबोर्ड सारखा बदलायचा कंटाळा येतो.

आता तुमच्या यादीतली असते तशी एक ओळ घेऊ:

ओळ = '  जोशी  सुनीता रमेश ,दहावी ब, ४७'

पुढे दोन जागा, मध्ये दोन जागा, स्वल्पविरामाआधी एक, आणि फाइलमधून वाचलेली असेल तर शेवटी नवी ओळ सुरू करणारी न दिसणारी खूण. ओळ.स्प्लिट(',') केलं की तीन तुकड्यांची यादी मिळते, पण जागा तशाच राहतात. पहिल्या तुकड्यावर परत स्प्लिट() चालवा, या वेळी कंस रिकामा ठेवून. रिकाम्या कंसाचं स्प्लिट वेगळं वागतं: कितीही जागा एकापुढे एक असल्या तरी त्या सगळ्यांना मिळून एकच तोड धरतं आणि रिकामे तुकडे ठेवत नाही. हातात येतं ['जोशी', 'सुनीता', 'रमेश']. तेच स्प्लिट(' ') असं एक जागा देऊन लिहिलंत तर रिकामे तुकडेही यादीत येऊन बसतात, आणि मग नवशिक्याचं डोकं फिरतं.

परत जोडायला जॉइन. ते उलटं लिहायचं असतं, ज्याने जोडायचं ते आधी: ' '.जॉइन(शब्द). सगळ्यांनाच हे सुरुवातीला खटकतं, पुढे सवय होते. आडनाव शेवटी न्यायचं असेल तर ' '.जॉइन(शब्द[१:] + शब्द[:१]) लिहा, 'सुनीता रमेश जोशी' तयार.

स्प्लिट आणि जॉइनची ही जोडगोळी मी स्ट्रिपपेक्षा जास्त वापरते. स्ट्रिप फक्त दोन्ही टोकं साफ करतं, मधल्या जागांना हात लावत नाही. शिवाय वेबपेजवरून चिकटवलेल्या मजकुरात एक 'न तुटणारी जागा' असते. दिसायला साध्या जागेसारखीच, पण कोड वेगळा, त्यामुळे रिप्लेस(' ', '') ला ती सापडतच नाही. रिकाम्या कंसाचं स्प्लिट मात्र तिलाही जागाच समजतं.

एक सावधगिरी: एखाद्या रकान्यातच स्वल्पविराम असेल, समजा पत्त्यात, तर स्प्लिट(',') ओळीचे भलतेच तुकडे करतं. तिथे पायथॉनबरोबर येणारं, स्वल्पविरामाने तोडलेल्या फाइली वाचणारं सीएसव्ही मोड्यूल वापरा.

स्ट्रिपमध्ये एक मेख आहे आणि ती मराठी नावांवर हमखास बाहेर येते. पालकांच्या रकान्यात नावापुढचं 'सौ. ' काढायचंय म्हणून कोणी फक्त डावं टोक साफ करणारं एलस्ट्रिप('सौ. ') लिहितं. 'सौ. मंदा' चं 'मंदा' होतं, सगळे खूश. मग यादीत येतात सौ. सौदामिनी, आणि त्यांची होते 'दामिनी'. सौ. सरिता यांची 'रिता'. 'श्री. ' साठी तेच केलंत तर श्रीधररावांचे फक्त 'धरराव' उरतात. कारण कंसात दिलेलं ते शब्द म्हणून वाचत नाही, सुट्या चिन्हांचा ढीग म्हणून वाचतं. स, औकाराची मात्रा, टिंब, जागा, यांपैकी काहीही डावीकडे दिसेल तोवर सोलत जायचं. सौ. सीमा यांचं तर स जाऊन नाव एकट्या ईकाराने सुरू होतं आणि पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. याच कामासाठी पायथॉन ३.९ मध्ये, म्हणजे २०२० साली, रिमूव्हप्रिफिक्स() आणि रिमूव्हसफिक्स() आली. ती पूर्ण शब्द जुळला तरच काढतात. तुमच्याकडे त्याहून जुना पायथॉन असेल तर स्टार्ट्सविथ() ने तपासून तेवढी लांबी कापा.

शोधायचं असेल तर 'इन' पुरतं: 'जोशी' इन नाव, उत्तर खरं किंवा खोटं. फाइंड() जागा सांगतं, पण सापडलं नाही तर उणे एक देतं, आणि पायथॉनच्या 'इफ' ला उणे एक म्हणजे 'खरं'. उलट शब्द अगदी सुरुवातीलाच सापडला तर शून्य येतं, ते 'खोटं'. म्हणून 'इफ' मध्ये नुसतं फाइंड कधी ठेवू नका. एंड्सविथ() ला एकाच वेळी दोन-तीन पर्याय देता येतात, एंड्सविथ(('कर', 'वार')) असे दुहेरी कंस करून. आडनावं चाळायला छान आहे. फक्त ते संपूर्ण नावावर चालवू नका, नाहीतर वडिलांच्या नावातला शंकरही 'कर' मध्ये सापडेल.

अपर, लोअर, टायटल, कॅपिटलाइज ही मंडळी देवनागरीवर काहीच करत नाहीत, आपल्याकडे लहान-मोठी अक्षरं नाहीतच. ईमेलचा रकाना असेल तर लोअर() लागेल, बस.

आता लांबी. पायथॉन ३ ची स्ट्रिंग म्हणजे युनिकोड चिन्हांची ओळ, आणि युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) मात्रा हे स्वतंत्र चिन्ह आहे. 'मराठी' म्हणजे म, र, आकार, ठ, ईकार: पाच. 'ज्ञानेश्वर' आपण चार अक्षरी मोजतो, लांबी मोजणारं लेन() दहा सांगतं, कारण दोन्ही जोडाक्षरांतला हलन्तही मोजला जातो. यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत यातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून 'मराठी' चे पंधरा बाइट होतात. डेटाबेसमधली मर्यादा कधी चिन्हांत असते, कधी बाइटांत, ते बघून घ्या.

मोजदाद एकदा चिन्हांची आहे हे लक्षात आलं की बाकीची कोडी सुटायला लागतात. 'सुनीता'[०] म्हणजे 'स', 'सु' नव्हे. आद्याक्षरं काढायला गेलात तर 'सु. र. जोशी' ऐवजी 'स. र. जोशी' मिळेल. [::-१] ने शब्द उलटा केला तर मात्रा भलत्या अक्षरांवर जाऊन बसतात. 'शिक्षण' मध्ये रिप्लेस('क', 'ख') केलंत तर क्ष च्या पोटातला क सुद्धा बदलतो. शब्दापुढे जागा भरून दहा घरं पूर्ण करणाऱ्या एलजस्ट(१०) ने रकाने सरळ येत नाहीत, कारण ते न दिसणाऱ्या हलन्तालाही एक घर देतं. सगळी अक्षरंच आहेत का ते सांगणारं इजअल्फा() तर कमाल करतं: 'कमल' ला खरं म्हणतं आणि 'कमला' ला खोटं! मात्रा हे युनिकोडच्या वर्गवारीत 'अक्षर' नाही, अक्षराला जोडायचं 'चिन्ह' आहे. नाव बरोबर भरलंय का हे तपासायला लोक इजअल्फा लावतात आणि मग मराठी नावं एकामागून एक नाकारली जातात. असा फॉर्म तुम्हीही कधी ना कधी भरला असेल.

खरी अक्षरं हवी असतील तर 'रेजेक्स' नावाची वेगळी लायब्ररी बसवा (पायथॉनबरोबर येणारं 'आरई' नव्हे). तिच्यात बॅकस्लॅश आणि मोठा एक्स असा नमुना दिला की 'सु', 'नी', 'ता' असे तुकडे मिळतात. मात्र जोडाक्षर अखंड धरायचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली आला. लायब्ररी त्याआधीच्या नियमांवर चालत असेल तर 'श्री' चे 'श्' आणि 'री' असे दोन तुकडे पडतील.

यापेक्षाही जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे दिसायला सारखे, आतून वेगळे शब्द. 'ॲप' आणि 'अॅप' यांची तुलना करा, उत्तर खोटं येतं. पहिल्यात ॲ हे एकच चिन्ह आहे, दुसऱ्यात अ वर चंद्र चढवलाय. लांबी अनुक्रमे दोन आणि तीन. कोणत्या कीबोर्डवरून टाइप केलं त्यावर ते ठरतं, आणि एकाच यादीत दोन्ही प्रकार सर्रास सापडतात. मग 'ॲड. पाटील' शोधले की निम्मेच मिळतात. युनिकोडडेटा मोड्यूलमधलं नॉर्मलाइझ('एनएफसी', नाव) हे काही जोड्या एक करतं. 'दुसऱ्या' मधला ऱ एकसंध लिहिलाय की र खाली नुक्ता (टिंब) देऊन, हा फरक ते मिटवतं. पण ॲ ची जोडी त्याच्या हिशेबात बसत नाही, ती रिप्लेसने हाताने एक करावी लागते. तसंच ऑ आणि अ वर चढवलेला 'ॉ'. माझ्याकडे अशा चार-पाच रिप्लेसचं एक छोटं फंक्शन कायम तयार असतं, आणि कुठलीही यादी आली की सगळ्यात आधी त्यातून काढते.

दोन नावं डोळ्यांना सारखी दिसतात तरी पायथॉन वेगळी म्हणतोय असं झालं, तर प्रिंट(आस्की(नाव)) करून बघा. प्रत्येक चिन्हाचा कोड उघडा दिसतो. तिथेच कधी अक्षरं जोडायची-तोडायची अदृश्य चिन्हंही सापडतात. ती जागा नव्हेत, त्यामुळे स्ट्रिप किंवा स्प्लिट त्यांना काढत नाही. सरसकट उडवूही नका, काहींनी 'दुसऱ्या' मधला अर्धा र त्यांच्याच मदतीने लिहिलेला असतो. आणि फाइलमधला पहिलाच रकाना 'नाव' असूनही जुळत नसेल, तर एक्सेलने फाइलच्या सुरुवातीला ठेवलेली खूण त्याला चिकटलेली असते. फाइल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-एसआयजी' द्या, ती जाते.

क्रम लावायचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण यादी म्हटल्यावर तो येणारच. सॉर्टेड() हे युनिकोडच्या क्रमाने लावतं, आणि तिथे ळ हा ल च्या लगेच पुढे आहे. म्हणून 'काळे' आधी आणि 'कासार' नंतर येतं. आपल्या वर्णमालेत ळ ह च्या नंतर, तेव्हा उलटं हवं. यावर सोपी युक्ती आहे: युनिकोडमध्ये ऽ हे अवग्रहाचं चिन्ह ह च्या पुढे आणि आकाराच्या आधी पडतं. सॉर्टेडला 'की' म्हणून असं फंक्शन द्या, जे नावातल्या ळ च्या जागी ऽ घालून परत देईल. क्रम त्या रूपावर लागतो, मूळ नावं तशीच राहतात. ॲ ने सुरू होणारी नावं याच कारणाने ह च्याही मागे पडतात. क्ष आणि ज्ञ शेवटी हवे असतील तर त्यांचीही अशीच सोय करावी लागेल, पण हजेरीपटासाठी तेवढं पुरे होतं.

राहिले गुण. कोडमध्ये थेट देवनागरी ४७ लिहिलात तर पायथॉन चूक दाखवतो, पण अवतरणातल्या '४७' वर इंट() चालवा, बिनतक्रार आकडा मिळतो. आजूबाजूच्या जागा आणि ओळीची खूणही ते स्वतःच सोडून देतं. हा आकडा छापताना मात्र इंग्रजीत छापला जातो. निकालपत्रावर देवनागरी हवा तर मेकट्रान्स() ने दहा अंकांची जोडी लावून ट्रान्सलेट() करा. हजेरी क्रमांक '७' चा तीन अंकी करायला झेडफिल(३) वापरलंत तर दोन इंग्रजी शून्यं आणि पुढे मराठी सात अशी खिचडी होईल, त्याऐवजी आरजस्ट(३, '०') मध्ये देवनागरी शून्य द्या. आणि तुमच्या गुणांच्या रकान्यात कुठेतरी 'गैरहजर' नक्की असणार. तिथे इंट() व्हॅल्यूएरर देऊन थांबेल, म्हणून आधी स्ट्रिप() करून सगळे अंकच आहेत का ते इजडेसिमल() ने तपासा, मगच आकडा करा.