फुफ्फुसातली गाठ आणि कुत्र्याचा हृदयकृमी

प्रश्न : माझे मोठे भाऊ ५४ वर्षांचे आहेत. कंपनीच्या तपासणीत एक्स-रेत उजव्या फुफ्फुसात खाली गोल डाग दिसला, सीटीत १.८ सेंटिमीटरची गाठ निघाली. खोकला, ताप काही नाही. घरी कुत्रा आहे म्हणून डॉक्टरांनी हृदयकृमीचीही (डासांमधून पसरणारा, कुत्र्याच्या हृदयात वाढणारा कृमी) शक्यता बोलून दाखवली. जनावरांच्या डॉक्टरांकडे त्याच्या तपासणीचा किट असतो. तो भावाच्या रक्तावर वापरला तर ऑपरेशन टळेल का?
— एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : नाही टळणार. तो किट पूर्ण वाढलेल्या मादीतून कुत्र्याच्या रक्तात येणारं प्रथिन पकडतो. माणसात हा कृमी पूर्ण वाढतच नाही. डासाने सोडलेली अळी हृदयाच्या उजव्या बाजूला पोचून मरते, फुफ्फुसधमनीच्या बारीक फांदीत अडकते आणि रक्तपुरवठा तुटलेल्या त्या जागी गाठ बनते. त्यामुळे किट निगेटिव्ह आला तरी त्यावरून काहीच ठरत नाही. रक्तात त्याची पिल्लंही सापडत नाहीत. इओसिनोफिल (कृमी झाल्यावर एरवी वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) बहुधा नॉर्मलच असतात. अँटिबॉडीची चाचणी तर विदर्भात जास्तच फसवी, कारण आपल्याकडे हत्तीपायाचा कृमीही आहे आणि त्याच्या अँटिबॉडीही तिथे पॉझिटिव्ह दाखवू शकतात.

शिवाय भारतात माणसात जास्त सापडतो तो याचा भाऊबंद, डायरोफिलारिया रेपेन्स; तोही त्वचेखाली किंवा डोळ्यात. म्हणून या वयात आधी कॅन्सर आणि टीबीचाच विचार हवा. सरकारी मेडिकल कॉलेजात किंवा धंतोलीतल्या एखाद्या दवाखान्यात भावाचा जुना एक्स-रे, सीटी काढला असेल तर तो आजच शोधा. गाठ दोन वर्षांत तसूभर वाढली नसेल तर मोठा दिलासा. जुनं काहीच नसेल तर ८ मिलिमीटरच्या वरच्या गाठीला तीन महिन्यांनी पुन्हा सीटी, पेट स्कॅन किंवा बायोप्सी यांतलं काय करायचं ते छातीचे डॉक्टर ठरवतील. पेट स्कॅनवर टीबीची गाठही कॅन्सरसारखीच चमकते, कृमीचीही चमकू शकते, हे लक्षात असू द्या. सुईने घेतलेल्या बायोप्सीत बहुतेकदा नुसता मृत भाग येतो. तेवढ्यावर ‘कॅन्सर नाही’ असं मानू नका.

खात्री होते ती दुर्बिणीच्या ऑपरेशनने गाठ काढून स्लाइडवर पाहिल्यावरच, आणि चूक होते ती नेमकी इथे. सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकला की टीबीचं कल्चर कायमचं हुकतं. सर्जनना आधीच सांगा : एक भाग १० टक्के फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या निदान दहापट, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये, कल्चर आणि जीनएक्सपर्ट (टीबीची झटपट जनुकीय चाचणी) यांसाठी. फॉर्मवर ‘हृदयकृमीची शंका’ लिहायला लावा. कृमी जेमतेम १०० ते ३५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो आणि मोजक्याच कापांत येतो. शंका माहीत असली तर पॅथॉलॉजिस्ट आणखी खोल काप घेतात, धमनीची भिंत दाखवणारा इलॅस्टिक स्टेन करतात. कृमीच निघाला तर पुढे औषध लागत नाही.

कुत्र्याला घराबाहेर काढू नका. त्याच्यापासून थेट लागण होत नाही. तो किट त्याच्यासाठी मात्र जरूर वापरा. लागण झाल्यावर साधारण सहा-सात महिने तो निगेटिव्हच येतो, म्हणून पहिली चाचणी निगेटिव्ह आली तरी सहा महिन्यांनी परत करा.