ट्राउटसाठी मिनो घ्यायचाय, पण कुठला?

प्रश्न : नमस्कार सर, मी पैठणचा, नाथसागरावर चिलापी आन् मरळीला गळ टाकत असतो. ऑक्टोबरात आम्ही दोस्त मिळून हिमाचलला तीर्थन नदीवर ट्राउटसाठी जायलोत. ऑनलाइन बघितलं तर मिनो लूरचे, म्हणजे त्या छोट्या नकली माशांचे, इतके रंग की डोकं गरगरायलं. एक म्हणतो सोनेरीच घे, दुसरा म्हणतो मोठाच घे म्हणजे मासा बी मोठा लागतो. काय घ्यावं? परत आल्यावर इथं चालतील का?
(एक वाचक, पैठण)

उत्तर : रंगावरून नंतर भांडा, आधी लूर तरंगतो का बुडतो ते बघा. डबीवर एफ असेल तर तरंगणारा, एस म्हणजे बुडणारा, एसपी म्हणजे पाण्यात मधेच थांबणारा. डबी नसली तर बादलीत सोडून बघा, कळतंय लगेच.

असं आहे की तीर्थन म्हणजे आपली संथ गोदावरी नव्हे. पाणी उतारावरून धावतं, मोठाल्या दगडांमागं तेवढी शांत जागा असते आणि ट्राउट तिथंच दबा धरून बसतो, वाहत येईल ते खातो. हलका तरंगणारा लूर खाली जायच्या आतच त्या जागेवरून निघून जातो. म्हणून ५ सेंटिमीटरचा, ४-५ ग्रॅमचा बुडणारा मिनो घ्या, थोडा प्रवाहाच्या वर तिरका फेका, दोर ताणलेला ठेवा आणि दगडाजवळ आला की रॉडच्या टोकानं बारीक झटके द्या.

तरंगणारा बी एखादा असू द्या, गुडघाभर पाण्यासाठी. तोंडाखालची प्लास्टिकची जीभ दगडाला लागली की ओढणं थांबवायचं, लूर आपोआप वर येतो. फिनलंडच्या लाउरी रापाला या मच्छीमारानं १९३६ मध्ये केलेला लूर असाच तरंगणारा होता.

मोठ्याचं म्हणाल तर ७ सेंटिमीटरचा खोल डोहापुरता ठीक. सोनेरी चालतो, पण गढूळ पाण्यात, बर्फ वितळताना नाहीतर पावसात. ऑक्टोबरात पाणी नितळ असतं, तेव्हा चांदीसारखा नाहीतर हिरवट पाठीचाच घ्या.

आता जे तुम्ही विचारलंच नाही ते. मरळीचा कडक रॉड नेऊ नका, ४ ग्रॅमचा लूर त्यानं लांब जातच नाही! अल्ट्रालाइट म्हणजे अगदी हलका, लवचिक रॉड आणि ४ ते ६ पौंड ताण सोसणारा दोर लागतो. लूर ओढताना एका बाजूला पळायला लागला तर नाकावरची कडी पक्कडीनं उलट्या बाजूला किंचित, अगदी किंचित वाकवा. तीन तोंडांचे गळ काढून एकेरी लावा आणि त्यांच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून टाका, दगडात कमी अडकतात आणि मासा सोडायलाही सोपं जातं. तिथल्या मत्स्य विभागाचं लायसन काढावं लागतं, आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटला बंदी असते, त्यामुळं तारखा पुढं ढकलू नका.

राहिलं नाथसागराचं. मोकळ्या पाण्यात तरंगणारा मिनो वापरून बघा की, पण मरळ बसते गवतात, तिथं हे गळ पहिल्याच फेकीत अडकतात. तिथं आपला रबरी बेडूकच बरा.