मेंबरशिप चालू ठेवू की बंद करू?

प्रश्न : ताई, आम्ही ऐरोलीला राहतो. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि बारावीतला मुलगा. अ‍ॅमेझॉन प्राइमची वर्षाची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय आणि १,४९९ रुपये आपोआप कापले जातील. ह्यांचं म्हणणं, पैसे वाया चाललेत. मुलगा म्हणतो, मग मी सिनेमे कुठे बघू? महिन्याला तीन-चार ऑर्डरी होतात, त्यातल्या निम्म्या किरकोळ. काय करावं?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ‘निम्म्या किरकोळ’ हे तुम्ही आवर्जून लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण सगळा हिशोब त्या किरकोळीवरच आहे. अ‍ॅमेझॉनच्या गोदामातून येणारा माल ४९९ रुपयांच्या वर असला, तर मेंबर नसलेल्यालाही तो घरपोच फुकटच मिळतो. म्हणजे मोठ्या ऑर्डरींवर मेंबरशिपने तुमचा एक पैसाही वाचवला नाही. वाचले ते फक्त छोट्या ऑर्डरींचे, एका खेपेचे चाळीसेक रुपये धरा. वर्षाला अशा वीसेक ऑर्डरी म्हणजे आठशे रुपये. १,४९९ वसूल व्हायला अशा सदतीस-अडतीस ऑर्डरी लागतील.

जुलै २०१६ मध्ये ही योजना भारतात आली तेव्हा सुरुवातीची किंमत ४९९ होती. मग ९९९ झाली आणि डिसेंबर २०२१ पासून १,४९९. त्यात १७ जून २०२५ पासून प्राइम व्हिडिओवर जाहिराती सुरू झाल्या. त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ मोजायचे. घरात सिनेमा बघायला बसलो आणि मध्येच जाहिरात आली की ह्यांची चिडचिड होते ना, ती बंद करण्याची खरी किंमत २,१९८ रुपये आहे. हा आकडा मुलासमोर ठेवा आणि त्याने गेल्या तीन महिन्यांत काय काय बघितलं ते त्यालाच सांगू दे. ओरडू नका, नुसतं विचारा.

आता जरा खोलात जाते, कारण वाचलेल्या डिलिव्हरीपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. माझी वहिनी नौपाड्यात राहते. तिच्या अ‍ॅपमध्ये ‘युअर ऑर्डर्स’ उघडून आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर बसलो आणि वर्षभराची यादी वहीत उतरवली. मिक्सरच्या भांड्याची रबरी रिंग, फोनचं कव्हर, फुलवाती, पुन्हा फोनचं कव्हर, फ्रिजमध्ये ठेवायचे डबे, भिंतीला चिकटणारे हुक. प्रत्येक ओळीपुढे मी एकच प्रश्न विचारत होते : ‘डिलिव्हरीचे चाळीस रुपये पडले असते तरी हे मागवलं असतंस का?’ रिंगेला ती ‘नाही’ म्हणाली. गोखले रोडला रोजचं जाणं, येता येता भांड्यांच्या दुकानातून घेतली असती. हुकांना ‘नाही’. दुसऱ्या कव्हरला तर ती गप्पच बसली. ‘नाही’ लिहिलेल्या ओळींच्या किमतींची बेरीज मेंबरशिपच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त निघाली. डिलिव्हरी फुकट असली की हात आखडत नाही, आणि पैसा जातो तो तिथून. तुम्हीही ही यादी करा. एक दुपार पुरते.

उलट बाजूही सांगते, नाहीतर अन्याय होईल. मेंबरशिप बंद केल्यावर बरेच जण ४९९ गाठायला नको ते कार्टमध्ये टाकतात. चाळीस वाचवायला दोनशेची वस्तू! त्याला उपाय आमच्या पिढीचाच : फ्रिजवर कागद लावा, लागेल ते लिहीत जा आणि पंधरा दिवसांनी एकदम मागवा. तोवर अर्ध्या गोष्टी ऐरोलीतल्या दुकानातून आलेल्या असतात.

आणि काही घरांना मी डोळे झाकून ‘घ्या’ म्हणते. आमच्या शेजारच्या इमारतीत लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यावर काकू एकट्या, गुडघे धरलेले. त्यांना अंथरुणावर घालायचे पॅड, ओआरएस, गरम पाण्याची पिशवी आज सांगितलं की आज किंवा उद्या दारात हवं असतं. तिथे वेळेची किंमत आहे, डिलिव्हरीच्या चाळीस रुपयांची नाही. पुण्याला असलेला त्यांचा मुलगा ती मेंबरशिप भरतो आणि योग्यच करतो.

क्रेडिट कार्डाचा मुद्दा कुणीतरी काढेलच. अ‍ॅमेझॉन पे आयसीआयसीआय कार्डावर मेंबरला ५ टक्के परत मिळतात, इतरांना ३. फरक दोन टक्क्यांचा. त्यातून १,४९९ भरून निघायला वर्षाला सुमारे ७५ हजारांची खरेदी तिथे करावी लागेल. तुमच्याकडे तेवढी होत नसेल, आणि व्हायलाही नको.

तर तुम्ही असं करा. आपोआप नूतनीकरण आजच बंद करा. मुदत संपेपर्यंत सेवा चालूच राहते. मग महिनाभर मेंबरशिपशिवाय काढून बघा. जड गेलंच, तर ३९९ रुपयांची फक्त खरेदीची ‘शॉपिंग एडिशन’ आहे, तिच्यात व्हिडिओ नाही. तुमच्या वीस छोट्या ऑर्डरींना ती परवडते. मुलाचं बघणं खरंच नियमित असेल तर ७९९ ची ‘लाइट’ : जाहिराती आहेत, चित्र थोडं कमी प्रतीचं. बारावीच्या वर्षाला मी तरी ३९९ वरच थांबले असते.

प्रश्न : एका अ‍ॅपची फुकट ट्रायल घेतली होती. आता दर महिन्याला पैसे कापले जातात आणि रद्द करायचं बटण सापडत नाही.
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : बटण शोधत बसू नका, पैसे जिथून जातात तिथेच बांध घाला. यूपीआयवरून जात असतील तर तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ उघडा आणि ते मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायला तुम्ही दिलेली परवानगी, रद्द करा. कार्डावरून जात असतील तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा साइटवर ई-मँडेटची यादी असते, तिथून काढा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी; जुने मेसेज तपासा, आली नसेल तर बँकेकडे लेखी तक्रार करा. रद्द करणं मुद्दाम अवघड ठेवणं हे नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार गैर आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा आणि त्याआधी अ‍ॅपच्या त्या पानांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारखेसकट.